नंबर लावलेले जोडे

मतदानाच्या रांगेत तीन तास उभ्या असलेल्या हॅटीमावशीचे ओठ सुकले होते, आणि व्हर्लिनला हातातली बाटली तिला देता येत नव्हती. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या जुन्या वळणाच्या पुढाऱ्यांनी कायदाच केला होता, की रांगेतल्या माणसाला पाणी देणं हा गुन्हा. व्हर्लिन आणि तिच्या पार्लरमधल्या बायकांनी घरोघर फिरून वस्तीतल्या कृष्णवर्णीय म्हाताऱ्यांना मतदानाला आणलं होतं. पाण्याचं टेबल मात्र नियमाप्रमाणे लांब, झाडाखाली मांडावं लागलं.

“मावशी, घरी चल.”

“रांग सोडली की नंबर गेला. तुझ्या आईनं मतासाठी लाठ्या खाल्ल्या. मला नुसती तहान लागलीय.”

मागे पुस्तकात डोकं खुपसून उभे असलेले शेजारी, मिरजेचे आगाशे, चाचरत म्हणाले, “चुकत असेन तर सांगा. आमच्याकडे रॉकेलच्या रांगेत चपला उभ्या राहायच्या. माणूस सावलीत बसायचा.” आणि त्यांनी आपले बूट काढून रांगेत ठेवले.

मावशी खळखळून हसली. तिनेही चर्चला घालायचे निळे जोडे काढले. व्हर्लिनने रांगभर निरोप फिरवला. पंधरा मिनिटांत म्हातारी माणसं झाडाखाली पाणी पीत होती आणि रांगेत चाळीस जोडे उभे होते.

अधिकारी धावत आला. “हे काय आहे?”

“मतदार आहेत, साहेब,” व्हर्लिन म्हणाली. “पाणी मागत नाहीयेत.”

त्याने नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. जोड्यांविषयी त्यात काहीच नव्हतं.

रांग सरकली. व्हर्लिनने वाकून मावशीचे जोडे हलकेच पुढे ठेवले, मग आगाशांचेही.