चिक्कतायम्माचा सोनचाफा

म्हैसूरच्या एका बागेखालून गेलेली ड्रेनेजची लाइन सकाळी सकाळी फुटली. सोनचाफ्याची मुळं आत शिरून तिचा चुराडा झाला होता. झाड तोडल्याशिवाय पाइप बदलता येणार नव्हता, आणि उताराकडच्या गल्लीत घराघरांत घाण पाणी उलटं येत होतं. इंजिनीअर नागवेणीने करवतवाले बोलावले, तर फिरायला आलेली मंडळी झाडाभोवती कडं करून उभी राहिली.

"मॅडम, हे चिक्कतायम्माने लावलेलं झाड आहे," निवृत्त प्राध्यापक सोमशेखर म्हणाले. "तीस वर्षं या बागेची माळीण होती ती. तिच्या जिवाला काय वाटेल?"

"मग त्यांनाच विचारू या. राहतात कुठे त्या?"

कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात खालच्या फाटकातून एक म्हातारी धापा टाकत वर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने माखलेले.

"या या, चिक्कतायम्मा! अगदी वेळेवर आलात," सोमशेखरांना हायसं वाटलं. "तुम्हीच सांगा या मॅडमना."

कडं बाजूला झालं. म्हातारीने खोडावर तळहात टेकवला आणि क्षणभर डोळे मिटले. मग ती नागवेणीकडे वळली.

"तोडा बाई, पण लवकर तोडा. सून ओली बाळंतीण आहे घरात, पाणी तिच्या खाटेखाली आलंय."