कनवटीतला खडा

रुमाल काढताना माझ्या पर्समधून पाटीवरच्या सात पेन्सिली डॉक्टरबाईंच्या टेबलावर सांडल्या. आमच्या घरात शाळेत जाणारं कुणीच नाही.

"खाता?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मला सातवा लागलेला. मी मान खाली घातली.

"हिमोग्लोबिन सहा आहे. रक्त कमी झालं की खडू-मातीची अशी ओढ लागते. बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तर जिवावर बेतेल. आजच दाखल व्हा, रक्त चढवू."

शेजारी बसलेल्या सासूबाई भडकल्या. "चिंचा आणल्या, कैऱ्या आणल्या, आणि ही पोरासोरांसारखी पेन्सिली चघळतेय! रविवारी हिची ओटी भरायचीय, डॉक्टरीणबाई. पाहुण्यांना आवतणं गेलीत. आज कशी ठेवू?"

डॉक्टरबाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. नखं पांढरीफटक होती. "आणि आजी, तुम्ही काय खाता?"

सासूबाईंनी लुगड्याच्या कनवटीतून भाजलेल्या मातीचा खडा काढला आणि माझ्या पेन्सिलींशेजारी ठेवला. त्यावर दातांच्या खुणा होत्या.

"पहिल्या खेपेला लागली ती सवय," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "ते मूल काही राहिलं नाही."

पहिलं मूल म्हणजे माझा नवरा, असंच मी आजवर समजत होते.

त्यांनी माझी पर्स उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. "हिला आत्ताच दाखल करा. ओटी मी इथंच भरीन."