काचेवरची चिठ्ठी

"संशय कोणावर आहे, त्याचं नाव इथे लिहा," म्हणत बँकेच्या साहेबांनी तक्रारीचा कागद पुढे सरकवला.

झेरॉक्सवाला समोरच उभा होता. बाईंनीच त्याला दुकानातून ओढून आणलं होतं. शेजारी त्यांची लेक बसली होती.

बाई ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. पस्तीस वर्षांत त्यांनी एक पुस्तक गहाळ होऊ दिलं नव्हतं. आणि आता कोणीतरी त्यांचं ओळखपत्र जोडून त्यांच्या नावावर कर्ज उचललं होतं.

"माझं कार्ड फक्त तुझ्याच मशीनवर जातं," बाई कडाडल्या.

"अहो, पण चिठ्ठीशिवाय कधी झेरॉक्स काढू दिलीत?" तो तडकला. "'फक्त गॅससाठी', 'फक्त फोनसाठी'! कार्डावर चिठ्ठी ठेवल्याशिवाय झाकण लावू देत नाही तुम्ही. गिऱ्हाइकं हसतात मला."

खरं होतं. एका कामाची प्रत दुसरीकडे चालू नये, म्हणून बाईंचा हा खटाटोप. सगळे टर उडवत. नातीच्या शाळेच्या पाससाठी लेकीनं घरीच, टेबलावरच्या निळ्या चौकड्यांच्या कापडावर कार्ड ठेवून मोबाइलवर फोटो काढला, तेव्हाही बाई चिठ्ठी शोधायला उठल्या होत्या. "आता शाळेवरही संशय? कमाल आहे तुझी!" लेक म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या होत्या.

"सोडू नकोस याला, आई," लेकीनं पर्समधून पेन काढून दिलं.

बाईंनी झेरॉक्सवाल्याचं नाव लिहिलं. त्याचा चेहरा पडला.

"बाई, घर चालतं हो त्या मशीनवर. पोलीस दुकानात आले तर कोण फिरकेल माझ्याकडे?"

बाईंना त्याची दया आली नाही. पण पाहिल्याशिवाय सही करायची त्यांची रीत नव्हती.

"अर्जाला जोडलेली प्रत दाखवा."

साहेबांनी फाइल उघडली. बाईंनी चष्मा चढवला. रंगीत प्रतीवर चिठ्ठी नव्हती. कार्डाच्या कडेनं निळ्या चौकड्या दिसत होत्या.

बाईंनी प्रत खाली ठेवली. मग त्या लेकीकडे वळल्या.

"नातीचा शाळेचा पास मिळाला का गं?"

"आत्ता ते कुठं मधेच? सही कर ना, आई."

बाईंनी झेरॉक्सवाल्याच्या नावावर रेघ मारली, त्याच पेनानं खाली लेकीचं नाव लिहिलं आणि सही केली.