मास्क काढा फक्त खाताना

आईला ऐकू येत नसे. ती ओठ वाचायची. पण वृद्धाश्रमात मास्कशिवाय भेट नाही, आणि बाबा दवाखान्यात वारल्याचं चिठ्ठीवर लिहायला लेकीचा हात धजेना. शेवटी तिने आईला करमणूक पार्कातल्या खाद्यमहोत्सवात नेलं. तिथले पाळणे बंद होते, पण खाताना मास्क काढायची मुभा होती.

तीन प्लेटी संपल्या. लेक सूप गरम आहे म्हणाली, ऊन फार आहे म्हणाली. पुढे जीभ रेटेना. चौथी प्लेट आणायला ती उठली, तशी आईने तिचं मनगट धरलं.

"पुरे गं बाई, फुटेन आता. तुझे बाबा गेले, ठाऊक आहे मला."

"मग इथवर आलीस कशाला?"

"तुझं तोंड बघायला. सहा महिने नुसते डोळेच बघतेय, आणि आठवडा झाला, तेही रडके."