बिनतिकिटाची आगबोट

“हे मी शपथेवर सांगितलं तरी परळपासून लालबागपर्यंत एक माणूस विश्वास ठेवणार नाय,” राजाराम म्हणाला आणि पाटावरून उठायचं सोडून त्याने मांडी आणखी घट्ट केली.

“मग सांगता कशाला?” भिवा म्हणाला. दुपारची पंगत उठली होती. कमळाबाईच्या खाणावळीत हे दोघेच गिरणीवाले मागे रेंगाळले होते. भिवाला अजून ताक हवं होतं. राजारामला कमळाबाईला अडवायचं होतं.

ती कोपऱ्यात वळकटी बांधत होती. उद्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटणार, आणि ती चढणार. ‘मुंबईसह महाराष्ट्र’च्या मोर्चाला म्हणून गेलेला तिचा मुलगा जगदीश दोन वर्षं झाली तरी घरी आला नव्हता. इस्पितळात नव्हता, तुरुंगात नव्हता. मागच्या साली तिने अन्न टाकलं, तेव्हा ती जेवावी म्हणून राजाराम बोलून गेला, की गावाहून येताना जगदीश दिसला बोटीवर, खलाशाच्या कपड्यांत, चांगला अंगाने भरलेला. त्या दिवशी ती जेवली. आणि दुसऱ्या दिवसापासून तिकिटाला पैसे साठवायला लागली.

भायखळ्याच्या बाजारात ती आता बाजार उठताना जायची, राहिलेली भाजी वाट्यावर उचलायची. तिच्या चहातलं दूध गेलं, मग साखर गेली, मग चहाच गेला. दिवाळीला हिंदमातापाशी लुगडं घ्यायला गेली ती काठाला हात लावून परत आली. आता बंदर बंदर करत ती वेंगुर्ल्यापर्यंत जाणार होती, प्रत्येक खलाशाचं तोंड बघत.

“बोटीवर पैसे कसे वाचवायचे ते माझ्याकडनं शिका, वयनी,” राजारामने सुरुवात केली. “हमाल करायचा नाय. धुरांड्याला पाठ लावून बसायचं, घोंगडी लागत नाय. मी तर एकदा टोपच टेकवला धुरांड्याला. रत्नागिरी यायच्या आत पेज तयार. वासाने अख्खा डेक गोळा झाला. वाटीला आणा घेतला. शेवटी बघतो तर कप्तान, थाळी घेऊन रांगेत उभा. तिकीट सुटलं माझं.”

“कप्तानाकडनं पण आणा घेतलात?”

“त्याच्याकडनं दोन. लोणचं मागितलंन त्याने.”

भिवा हसला. कमळाबाई हसली नाही. “टोप नेते मग,” ती म्हणाली, आणि फळीवरचा छोटा टोप काढून तिने वळकटीपाशी ठेवला.

या बाईला हसवून भागणार नव्हतं. भीतीच घालायला हवी होती.

“पण ह्या आषाढात गेलो ना, ती बोट तसली नव्हती,” त्याने आवाज खाली आणला. “भोंगा न देता सुटली. काळोख असा की आपला हात आपल्याला दिसत नाय. डेकवर माणसांची ही दाटी, पण एकाकडे गाठोडं नाय. तिकीट कोण विचारत नाय, कोण काढत नाय. मी शिदोरी सोडली, भाकरी पुढे केली. कोण हात लावीना. म्हटलं, शाबास, एवढी काटकसर मला पण जमली नाय.”

भिवाने ताकाचं भांडं ओठांपर्यंत नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

“जगदीश होता?” कमळाबाईने विचारलं.

“होता. पाणी वाटत होता.”

“अंगात काय होतं?”

“सदरा. पांढरा.”

“तोच असेल, मोर्चाला घालून गेला तो. मळला असेल आता.”

“नाय,” राजाराम म्हणाला. “आत्ता दोरीवरनं काढल्यासारखा होता.” मग त्याला थांबता येईना. “मी विचारलं, पगार काय देतात रे? तर म्हणाला, इथं खर्चच नाय, काका. आईला सांगा, पैसे साठवू नको. ह्या बोटीला तिकीट लागत नाय. आणि ती जेवते का हो?”

हे शेवटचं त्याने जुळवलेलं नव्हतं. ते आपसूक तोंडातून निघालं, आणि निघालं ते जगदीशच्या बोलण्यासारखं, शेवटाला थोडं ओढून. भिवाने मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. राजारामने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

खाली चाळीच्या नळावर कोणाची तरी कळशी भरून वाहत होती. कमळाबाईच्या हातातली दोरी सैल पडली होती.

“आषाढात आगबोट बंद असते, भावोजी,” ती म्हणाली. “नारळी पौर्णिमा होईपर्यंत एक पण सुटत नाय. धक्क्यावर विचारून आलेय मी.”

भिवा उठून हात न धुता बाहेर गेला.

ती वळकटीपासून उठली, भाकऱ्यांच्या टोपलीवरचं फडकं काढून पाहिलं, पुन्हा झाकलं.

“मार्गशीर्षातली सांगा एखादी,” ती म्हणाली. “आणि तिच्यात तो जेवत असू दे.”