दोन्ही दीर्घ

“पहिल्या प्लॅटफॉर्मवर माझी जोडाक्षरं फुटायची,” मी सांगत होते. “दुसऱ्यावर सजावटीतच दिवस जायचा. आताचा तिसरा चांगला आहे, पण घर बदलताना वाचक मागेच राहिले. एक सोडून.”

ब्लॉगलेखकांचा मेळावा आटोपून आम्ही डोंबिवलीत खायला बसलो होतो. समोरच्याची ओळख सकाळचीच. तो आठ वर्षं एकाच प्लॅटफॉर्मवर होता. दिसायला जुनाट, पण मोडत नाही, असं त्याचं म्हणणं.

“तो एक वाचक कोण?” त्यानं विचारलं.

“निनावी आहे. मी कुठेही गेले तरी शोधत येतो, शुद्धलेखनाची एक चूक दाखवतो आणि शेवटी लिहितो, ‘बाकी छान.’ खरं तर आता मी त्याच्यासाठीच लिहिते.”

तो एकदम मेनूकार्डात डोकं घालून बसला. वेटर आला तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

“इथे ‘पियुष’ चुकलंय. पी आणि यू, दोन्ही दीर्घ हवेत. बाकी छान.”

“म्हणजे दोन मोठे ग्लास?” वेटरनं विचारलं.

त्याचे कान लालभडक झाले. मला इतकं हसू फुटलं की शेजारचं टेबल वळून बघायला लागलं. हसत हसतच मी टिश्यूवर मुद्दाम लिहिलं, ‘पून्हा भेटुया?’ आणि त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं सवयीनं पेन काढलं. ‘पू’वर थोडा वेळ धरून ठेवलं. मग एकही अक्षर न खोडता खाली लिहिलं, ‘सगळं बरोबर आहे.’