बहिणीचा मान

कालोलाइने आमच्या टोंगातली सर्जन झालेली पहिली मुलगी. बेटावर परतली तेव्हा चर्चमध्ये सत्कार झाला, डुकरं भाजली. अडचण एवढीच की वयात आलेल्या बहिणीनं भावाच्या खोलीतही जायचं नसतं, आणि चुलत-मावस धरून अर्धं बेट तिचा भाऊ लागतं.

मग सख्ख्या भावाचाच, किटिओनेचा, हर्निया अडकला. वादळामुळं राजधानीचं विमान बंद. तो आत खाटेवर, ती दाराबाहेर, आणि बोलणं रीतीप्रमाणे आईमार्फत.

"आई, तिला सांग, मी विमानाची वाट बघतो."

"आई, त्याला सांग, आतडं सडायला लागलंय. भूल दिल्यावर त्याला कळणारसुद्धा नाही."

"त्याला नाही गं, गावाला कळेल," आई म्हणाली. "तू मुलगा असतीस तर प्रश्नच नव्हता."

विमान आलं तेव्हा किटिओनेला चटईवर निजवून, डोक्याला तेल लावून झालं होतं. मयताला बहिणीचा मान मोठा. लोकांनी वाट करून दिली आणि कालोलाइनेला त्याच्या उशाशी बसवलं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"लाव की हात," आई हळूच म्हणाली. "आता चालतं."